काखेतली बाटली

चौगुले सर एकाच हाताने नमस्कार करतात. दुसरा हात अंगाला चिकटलेला असतो, कारण त्या काखेत जेलची बाटली असते. सोनोग्राफीआधी पोटाला लावतात ते जेल. सर आमच्या कोल्हापुरातल्या दवाखान्यात तातडीच्या विभागाचे प्रमुख आहेत. चहा, फोन, सह्या, सगळं एका हाताने चालतं. जोतिबाच्या डोंगरावरच्या एका दुकानदाराने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, खांदा निखळलाय व्हय? आमच्याकडं एक हाडवैद्य हाय, जाग्यावर बसवतोय." सरांनी पत्ता लिहून घेतला. तोही एका हातानेच.

सर शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे उसाचं रान, आणि पोटातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर म्हणजे पाट. चाकांवरचं मशीन खाटेशी ओढायचं आणि पडद्यावर ती शीर शोधायची. श्वास घेताना ती मिटत असली की म्हणणार, "रान वाळलंय, सोडा पाणी." फुगून निश्चल असली की, "तुडुंब! मोटार बंद!" मग माझ्याकडे, हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरकडे, वळून, "नुसत्या पाटावर जाऊ नगंस. हृदय बघ, फुप्फुस बघ, पेशंटचं तोंड बघ. तोंड बघाय मशीन लागत न्हाय."

मी आजऱ्याचा. आई काजूच्या कारखान्यात बी सोलायची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. मशीन कसं धरायचं हे सरांनी माझा हात धरून शिकवलं, ते मी विसरणार नाही. आणि त्यानंतर मी जे केलं तेही विसरणार नाही.

एका दुपारी आजऱ्याच्या आमच्या गल्लीतली पारूआजी आली. जेवण जात नव्हतं, अशक्तपणा होता, पाय थोडे सुजले होते. मुलगा शिवादादा मला बघून खूश झाला. "आपलाच डॉक्टर हाय की! लाव एक सलाईन. तरतरी येईल तिला."

आमच्याकडे सलाईन लावली नाही तर दवाखान्यात गेल्यासारखं वाटतच नाही. मशीन दोन पावलांवर होतं. पण पारूआजीने मला लहानपणी कडेवर खेळवलेलं. भीडेपोटी मी सलाईन लावली.

बाटली निम्म्यावर आली आणि आजीला धाप लागली. ओठ काळवंडले. मी सरांना हाक मारली.

सर आले. नळी बंद केली, आजीला उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला, काखेतली बाटली काढली. शीर टच्च फुगलेली, फुप्फुसात पाणी. "लघवीचं इंजेक्शन भर," ते मला म्हणाले. आवाज अजिबात चढला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

शिवादादा मात्र चढला. "सलाईन काढली व्हय? मग बरी कशी हुईल ती?"

"ऊस किती हाय तुझा?" सरांनी विचारलं.

"दीड एकर."

"पाट फुटाय आलाय, सरीत पाणी उभं हाय. काय करशील?"

"मोटार बंद करीन की!"

"मग आईचा ऊस कुजवाय निघालाईस व्हय?"

शिवादादाने स्वतःच सलाईनचा स्टँड बाजूला सारला. तासाभरात आजीला लघवी झाली, धाप कमी झाली. सरांनी पुन्हा जेल लावून मशीनचा प्रोब पोटाला टेकवला तेव्हा ती हळूच म्हणाली, "कोमट हाय रं लेकरा. बरं वाटतंय."

सर प्रोब पुसून, बाटली हातात घेऊन बेसिनकडे गेले. मी मागोमाग माफी मागायला गेलो.

"चूक तू केलीस, आजीनं निस्तरली," ते म्हणाले. "पुन्यांदा गाववाला आला तरी आधी बघायचं." मग नळाकडे बघत, "आमची मंडळी जायच्या आधी चार म्हैने हितंच ॲडमिट होती. रोज मीच तपासायचो. कधी दुखतंय म्हणली न्हाय. एकदाच म्हणली, 'अहो, गार लागतंय ओ ते जेल.' मी म्हटलं, दोन मिनटं कळ काढ. लई घाईत असायचो तवा."

त्यांना दोन्ही हात धुवायचे होते. त्यांनी बाटली माझ्याकडे दिली.

"काखंत धर. गार पडंल."

एवढ्या वेळात ती गार पडायला लागलीच होती. मी ती काखेत घट्ट धरली.