ताणावरच्या संत्र्यांचा पाहुणचार

धाड गावच्या माझ्या मित्राच्या, उत्तमरावाच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ते काही आळसानं नव्हे. मला उत्तर पुराव्यानिशी द्यायचं होतं. फोनवर माझी जीभ टाळूला चिकटते हे त्याला ठाऊक, म्हणून बिचाऱ्यानं पत्र लिहिलं: 'नुसत्या संत्र्यावर भागत नाही. मधल्या जागेत पपई लावू की सीताफळ? तू पुस्तकातला माणूस, तू म्हणशील ते लावतो.'

ग्रंथपाल म्हणून माझा जन्म गेला. मी म्हणेन ते कुणी लावण्याची ही पहिलीच वेळ. म्हणून आधी अमडापूरच्या आमच्या छोट्याशा बागेत मीच संत्र्यांच्या ओळींमध्ये पपई लावली. एकाच बागेत दोन उत्पन्नं! इतकी सोपी गोष्ट लोकांना सुचत कशी नाही, असं मला वाटलं. मला एखादी गोष्ट सोपी वाटली, तर आधी सावध व्हावं, एवढं या वयात कळायला हवं होतं.

हिवाळ्यात संत्र्याला ताण द्यायची वेळ आली. म्हणजे पाणी तोडायचं. झाड तहानेनं कासावीस झालं की मग सोडायचं, आणि ते फुलांनी भरून जातं. मी ठिबकचा कॉक बंद केला. नळी एकच, त्यामुळे पपईचंही पाणी गेलं. थोड्याच दिवसांत पपया नापास झालेल्या पोरांसारख्या माना खाली घालून उभ्या.

"अहो, झाडं मरून राह्यली," आमची प्रेमला म्हणाली.

"ताण आहे. संत्र्याचा."

"मंग पपईनं काय घोडं मारलं?"

मी ठाम राहिलो. म्हणजे तिच्यासमोर. सकाळी ती देवपूजेला बसली, की मी गुपचूप पपईला बादलीनं पाणी घालू लागलो.

संत्री काही कासावीस होईनात. पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. मी ताण वाढवला. शेजारचा दयाराम धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून म्हणाला, "काका, ताण देऊन राह्यले का पाहुणचार करून राह्यले?"

एकदा दुपारची डुलकी मोडली म्हणून बागेत गेलो, तर प्रेमला घागर घेऊन पपईपाशी.

"तू रोज घालतेस?"

"तुम्ही झोपले की. सकाळची तुमची बादली दिसते मले देवघरातून. संध्याकाळचं दयाराम पाहते. मीच सांगितलं त्याले."

म्हणजे पपईच्या मुळाशी मुरलेलं पाणी ताणावरची संत्री त्रिकाळ पीत होती.

बहाराच्या दिवसांत संत्र्यावर औषधाला फूल नाही. पपया मात्र लगडलेल्या. आणि नेमका तेव्हाच उत्तमराव जीपमधून उतरला.

"बे नीळकंठ, उत्तर काऊन नाही दिलं ते आता समजलं. दाखवाचं होतं तुले." त्यानं पपई थोपटली. "ठरलं. औंदा सगळ्या संत्र्यात पपई."

"तसं नाही, उत्तम. संत्री..."

"लाजू नको बे."

माझं वाक्य पुरं होईपर्यंत परतीची जीप सुटली. माझी वाक्यं नेहमीच जीपपेक्षा हळू असतात.

आता माझ्यापायी त्याचा अख्खा संत्र्याचा बहार जाणार. मी लिहायला बसलो. 'पपई लावायची तर वेगळ्या तुकड्यात, वेगळ्या नळीवर. संत्र्यांमध्ये सीताफळ लाव. ताणाच्या दिवसांत ते पानं गाळून निजतं, पाणी मागत नाही. आमच्या संत्र्याला यंदा फूल नाही.' शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, पुन्हा लिहिलं आणि विचार बदलायच्या आत पाकीट पेटीत टाकून आलो.

घरी प्रेमला फोनवर उत्तमरावाच्या बायकोशी बोलत होती.

"हाव पुष्पाबाई, सीताफळच लावा. भाऊजींले पपईच्या रोपांसाठी जाऊच नका देऊ. अन् ह्यायचं पत्र येईन. ते आलं की आताच माहीत पडलं असं करजा."