तात्यांची थोरली बाटली

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तात्यांचं दार बंद दिसलं, की आमच्या आळीत कुणी पाय आपटत चालत नसे. समोरच्या पारूबाईंना उखळात काही कांडायचं असलं तर त्या ते दुपारवर ढकलत. नव्या माणसाला वाटावं, आत कुणी आजारी आहे, नाहीतर पूजा चालली आहे. यातलं काहीही नसे. आत तात्या एका बाटलीतली शाई दुसऱ्या बाटलीत ओतत असत.

मी मूळचा साताऱ्याचा. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी आष्ट्याच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि तात्यांच्या घरातली पुढची खोली घेतली. तात्या त्याच शाळेत कारकून. बायको फार पूर्वी गेलेली. घरात ते आणि त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा सदाशिव. स्वयंपाक तात्या स्वतः करत आणि मीही त्यांच्यातच जेवत असे. आमटीत मीठ किती टाकावं, हे त्या माणसाला पंधरा वर्षांत जमलं नव्हतं. शाईचा मात्र एक थेंब इकडचा तिकडे झालेला त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही.

त्यांच्याकडे तीन बाटल्या होत्या. थोरली दोन शेरांची, तपकिरी काचेची. ती त्यांनी सांगलीच्या दुकानातून शाईने भरलेली विकत घेतली आणि घोंगड्यात गुंडाळून, मांडीवर धरून सर्व्हिस मोटारीने आष्ट्याला आणली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्यांनी ड्रायव्हरला "दमानं, गड्या" म्हटलं. शेवटी ड्रायव्हरने विचारलं, "किती दिवसांचं बाळ हाय?" आतली शाई लिहिताना निळी दिसे, दुसऱ्या दिवशी काळी होई, आणि कागद पाण्यात पडला तरी अक्षर जागचं हलत नसे. मधली बाटली खोकल्याच्या औषधाची होती. धाकटी म्हणजे चौकोनी दौत. थोरलीतून मधलीत, मधलीतून धाकटीत आणि धाकटीतून ड्रॉपरने फौंटनपेनात, असा तिचा रस्ता ठरलेला होता.

"पिढी सोडायची न्हाई," तात्या म्हणत. "आन् खाली उतरलेली शाई परत वर चढवायची न्हाई. ध्यानात ठेवा, मास्तर."

ओतायच्या आदल्या दिवसापासून थोरलीला कुणी हात लावायचा नाही, म्हणजे गाळ तळाला बसतो. सकाळी अंघोळ करून, हात कोरडे करून तात्या पाटावर बसत. काचेचं नरसाळं, त्यात मलमलचा तुकडा. बाटली कलती करताना त्यांची जीभ बाहेर येई आणि श्वास बंद होई. शेवटचा थेंब बाटलीच्या तोंडाशी लोंबकळत राही. तो खाली सांडू न देता ते बोटावर घेत आणि बोट डोक्याला पुसत. तात्यांचे डावीकडचे केस कधी पिकले नाहीत ते यामुळेच, असं शाळेत सगळे म्हणायचे.

एकदा हेडमास्तरांनी शिपायाबरोबर आपलं पेन तात्यांकडे भरायला पाठवलं. तात्यांनी ते उघडून हुंगलं आणि परत पाठवलं. "म्हनावं, आधी त्याला अंघोळ घाला." हेडमास्तर तापट गृहस्थ होते, पण त्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या हौदावर स्वतःचं पेन धुताना आम्ही सगळ्यांनी त्यांना पाहिलं.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. एका सकाळी ते तसं राहिलं नाही. सदाशिवला कसल्याशा अर्जावर सही करायची घाई होती. पेन कोरडं, धाकटी रिकामी. त्याने सरळ थोरलीचं बूच काढलं आणि आत ड्रॉपर बुडवला. तात्या परसातून आले, त्यांनी पाहिलं आणि पोराच्या थोबाडीत मारली. मी समोर होतो, पारूबाई दारात होत्या. पेन टेबलावर ठेवून सदाशिव बाहेर पडला. तिसऱ्या दिवशी कुणाकडून तरी कळलं, की तो कोल्हापूरला जाऊन फौजेत भरती झाला.

तो कुठे आहे ते कळेना आणि पत्रही येईना. पुढे लढाई पेटली तशी ती शाई सांगलीच्या दुकानांतून नाहीशी झाली. लोक शाईच्या गोळ्या पाण्यात विरघळवून फिकट निळ्या पाण्याने लिहू लागले, आणि तात्याही लिहू लागले. घरात असलेल्या शाईला त्यांनी बूच मारलं, वर मेण ओतलं आणि मला सांगून टाकलं, "सदाचा पत्ता आला की पत्र लिव्हायचंय. ही शाई तेवढ्यापुरती. दुसरं कुनी मागू नगा."

पत्राचा मसुदा त्यांनी पेन्सिलीने लिहून तयार ठेवला होता. फुलस्केपची चार पानं. पहिलं सबंध पान थोरल्या बाटलीत ड्रॉपर बुडवल्याने काय काय नुकसान होतं याबद्दल. दुसऱ्यात वडील माणसांचा मान. उरलेल्या दोन पानांत तब्येतीची काळजी, पण तीही रागावूनच घेतलेली. दर महिन्याला ते मला मसुदा वाचून दाखवत आणि त्यात दोन ओळी वाढवत. मेण फोडून महिन्याची ओतणीही चालूच होती. न ओतता ठेवली तर गाळ मुरतो, असं त्यांचं म्हणणं. दर वेळी तळाचा गाळ टाकून द्यावा लागे. असं होता होता तिसऱ्या वर्षी थोरली रिकामी झाली आणि सगळी शाई मधलीत अर्ध्यावर आली. तिथे तात्यांनी कागदाची पट्टी चिकटवून पेन्सिलीची खूण केली.

त्याच वर्षी साताऱ्यात माझं लग्न ठरलं. मुलगी मॅट्रिक पास. तिला पत्र लिहायचं आणि तेही गोळीच्या फिकट शाईने, हे माझ्या जिवावर आलं. तात्या एका लग्नासाठी कुंडलला गेले होते. मी मधलीचं मेण फोडलं, अत्तराची एक मोठी कुपी शाईने भरून घेतली आणि बाटलीतली शाई खुणेच्या खाली दिसू नये म्हणून वर गोळीची शाई ओतली. मेण पुन्हा वितळवून लावलं. शाई कुणासाठी राखली आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. एवढ्याशाने काय होतं, अशी मी मनाची समजूत घातली. मुलीचं उत्तर आलं, "अक्षर ठीक आहे. शाई फार सुरेख आहे." मी खूश होऊन आणखी चार पत्रं लिहिली.

पुढच्या पहिल्या रविवारी तात्यांनी मधली खिडकीशी धरली आणि तशीच धरून ठेवली. शाईत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या होत्या. दोन जातींच्या शाया एकत्र केल्या की त्या फाटतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. तात्यांनी ती तीनदा गाळली. रंग सगळा मलमलवर राहिला आणि खाली मळकट पाणी उतरलं.

"काय चुकलं रं माजं?" त्यांनी बाटलीलाच विचारलं.

मग ते आपल्या चुका शोधू लागले. फडकं नीट धुतलं नसेल, हात ओला असेल, उन्हाची तिरीप लागली असेल. माझं नाव त्यांच्या मनातही आलं नाही. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. मला बोलायला हवं होतं आणि मी बोललो नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

आठ दिवस गेले. एका संध्याकाळी कुंडलचा एक शिपाई, रजेवर आलेला, घर विचारत आला. तो सदाशिवच्याच पलटणीतला होता. त्याने खिशातून पत्त्याची चिठ्ठी काढून दिली.

"बरा हाय त्यो," शिपाई म्हणाला. "मी म्हटलं, घरी पत्र का धाडत न्हाईस? तर म्हनला, तात्या वाचत्याल का न्हाई, कुनाला ठावं."

तात्यांनी त्याला बळेबळे गूळ-शेंगा खायला घातल्या. तो गेल्यावर ते टेबलाशी गेले, मसुदा काढला, आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले.

"गोळीच्या शाईनं लिहा की, तात्या," मी म्हणालो. स्वतःचा आवाज मलाच खोटा वाटला.

"न्हाई, मास्तर. तिकडं पाऊस, घाम. खिशात भिजलं की अक्षर जातंय, निळा डाग ऱ्हातोय. त्याला वाटंल, बापानं डाग धाडला."

मी माझ्या ट्रंकेतून कुपी आणली. तळाला थोडी शाई उरली होती. ती टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, वरून गोळीची शाई ओतल्याचंसुद्धा. तात्यांचा हात वर आला तेव्हा मी गाल पुढे करूनच उभा होतो. त्यांनी हातात कुपी घेतली आणि दिव्याशी धरली.

"निवळ हाय," ते म्हणाले.

एवढंच. मग कपाटातून फडक्यात बांधलेलं सदाशिवचं पेन काढलं. धुऊन पुसून लख्ख ठेवलेलं होतं. त्यांनी कुपीत थेट ड्रॉपर बुडवला.

"तात्या, धाकटी राहिली. पिढी सुटतेय."

"सुटू दे."

पेनात जेमतेम पाव पानाची शाई गेली. तात्यांनी चार पानांच्या मसुद्याकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, आणि मसुदा घडी करून खणात टाकला. कोरा कागद घेऊन त्यांनी पाच-सहा ओळी लिहिल्या आणि माझ्यापुढे सरकवल्या. "मास्तर, काना-मात्रा बघा."

मी वाचलं. "चि. सदाशिव यास अनेक आशीर्वाद. शाई थोडी आहे म्हणून मुद्द्याचं तेवढं लिहितो. चूक माझी होती. तुझं पेन धुऊन ठेवलं आहे. जेवत जा. घरी ये." काना-मात्रा सगळ्या जागच्या जागी होत्या. मी कागद त्यांच्याकडे परत सरकवला.

लढाई संपली. तोवर माझं लग्न होऊन माझी साताऱ्याला बदली झाली होती. दुकानात पुन्हा ती शाई दिसू लागल्याचं कळताच मी सांगली गाठली आणि तिथून बायकोसह आष्ट्याला निघालो. दोन शेरांची बाटली शालीत गुंडाळून माझ्या मांडीवर होती. वाटेत मी ड्रायव्हरला किती वेळा "दमानं" म्हटलं, ते बायको अजून लोकांना सांगते.

सदाशिव आठ दिवसांपूर्वीच परत आला होता. रापला होता, रुंद झाला होता. तात्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. आधी सदाशिवने परत आणलेलं पत्र डोळ्यांसमोर धरलं. कागदाच्या घड्या फाटल्या होत्या, कडा पिवळ्या पडल्या होत्या, आणि अक्षरं काळीभोर.

"हललं न्हाई," ते म्हणाले. "बगा, एक अक्षर हललं न्हाई."

मी नवी बाटली पुढे ठेवली. तात्यांनी ती घोंगडीवर बसवली, नरसाळं आणलं, मधली आणि धाकटी पुसून ओळीने मांडल्या. सदाशिव त्याचं कोरडं पेन हातात घेऊन शहाण्या मुलासारखा बाजूला उभा होता. बापाचा सगळा थाटमाट होईपर्यंत थांबायची त्याची तयारी दिसत होती.

"तात्या, धाकटी कवा भरल?" त्याने विचारलं.

तात्यांनी थोरलीचं बूच काढलं. ड्रॉपर पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"बस हितं," ते म्हणाले. "थोरलीतनंच भर."

आणि बाटली हलू नये म्हणून, ती दोन्ही हातांनी धरून स्वतः समोर बसले.