बोरगावचे काकाजी आणि तिरपा सात

मी पदवीधर झालो, त्यात सर्वांत मोठा वाटा बोरगाव मेघेचे सायकल मिस्त्री दौलतराव यांचा. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. बहात्तर साली आमच्या गावाहून वर्ध्याच्या कॉलेजात जायचे म्हणजे रोज आठ मैल. काकाजींनी भंगारातले सुटे भाग जमवून मला सायकल बांधून दिली. वर बजावले, "हँडल अठ्ठेचाळीसचं, मागचं चाक बावन्नच्या जुलैतलं. दोघंबी तुह्याहून मोठे हायेत. अदबीनं बसजो."

काकाजी गिऱ्हाइकाचे नाव आधी विचारत नसत. सायकल उलटी करायची, मागच्या चाकाच्या हबवरचे, म्हणजे मधल्या तुंब्यावरचे, वंगण धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि त्यावर ठोकलेले आकडे भिंगातून वाचायचे. जुन्या विलायती हबवर साल आणि महिना असतो, हे मला त्यांनीच शिकवले. पंक्चर पाच मिनिटांचे, वाचन अर्ध्या तासाचे.

एकदा पोस्टमन वैतागला. "काकाजी, टपाल खोळंबलं! चाकाची कुंडली काऊन पाहून राह्यले?"

"एकोणपन्नासचा मार्च. चाक तुह्यापेक्षा शहाणं हाय."

"मंग माहाबी जलम सांगा. माह्याजवळ दाखला नाई."

"तुले ठप्पा कुठी हाय रे?"

सगळे हसले. काकाजी मात्र हबवरचा आकडा पुन्हा बोटाने चाचपत होते.

त्याचे कारण पुढे मला काकूंनी सांगितले. एकुलता एक मुलगा सुधाकर काकाजींच्याच हाताखाली तयार झालेला. गिऱ्हाइकाला खूश करायला त्याने एका साध्या देशी हबवर, तो विलायती वाटावा म्हणून, जुने साल ठोकले. त्यातला सात तिरपा पडला. काकाजींनी भर दुकानात सांगून टाकले, "हे खोटं हाय, अन् हे माह्या पोरानं केलं." सुधाकरने तो हब आपल्या सायकलीला बसवला आणि त्याच सायकलीवरून निघून गेला. तेव्हापासून काकाजी प्रत्येक चाकात तो तिरपा सात शोधत. डोळ्यांत मोतीबिंदू झाला तरी भिंग सुटले नाही.

पुढे मला तळेगावला मास्तरकी लागली. पहिल्याच महिन्यात तिथून त्यांना पत्र पाठवले, ते असे:

"तीर्थरूप काकाजींस, साष्टांग नमस्कार.

काल इथल्या बाजारात पंक्चर काढायला गेलो. मिस्त्रीने माझे नाव विचारले नाही. सायकल उलटी केली, हब पुसला आणि म्हणाला, 'बावन्नचा जुलै. खरा हाय. कोनं बसवला?' मी बोरगावचे नाव सांगितले. मग तो बराच वेळ चाकाचे स्पोक आवळत राहिला. एकही ढिला नव्हता. त्याची स्वतःची सायकल भिंतीला टेकलेली होती. मी वाकून पाहिले. सात तिरपाच आहे.

निघताना त्याने एवढेच विचारले, 'बाबाचे डोये कसे हायेत?'

मी उत्तर दिलेले नाही. ते तुम्हीच येऊन द्यावे. माझी खोली बसथांब्याजवळ आहे.

आपला,
वसंता"