अकराचं अ‍ॅव्हरेज

ज्या गोष्टीला एकक नाही, ती संसारात मंजूर होत नाही. दुधाला लिटर आहे, तांदळाला किलो आहे, जमिनीला गुंठा आहे; म्हणून या तिन्ही गोष्टी घरात उजळ माथ्याने मागता येतात. आनंदाला एकक नाही. त्यामुळे आनंद हवा असलाच, तर तो दुसऱ्या कुठल्या तरी गरजेच्या पिशवीत तळाशी घालून आणावा लागतो.

वसईजवळच्या पापडी गावचे फ्रान्सिस सर हे चांगलं जाणून होते. शाळेत गणित शिकवायला त्यांना सव्वीस वर्षं झाली होती आणि ती सव्वीसच्या सव्वीस त्यांनी सायकलवर काढली होती. मनातून मात्र त्यांना एक उंच, दणकट, पाय दाबला की झेप घेणारी गाडी चालवायची होती. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला, म्हणजे बर्थाबाईंना, ते एवढंच म्हणाले की कुटुंबाला गाडीची गरज आहे. ही २००३ सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. तेव्हा वसईत दर तिसऱ्या माणसाला अशी गरज नुकतीच जाणवू लागली होती (उरलेल्या दोघांना ती तिसऱ्याची गाडी बघून जाणवत होती).

शोरूममध्ये दोन गाड्या पसंत पडल्या. एक डिझेलची, लिटरला चौदा किलोमीटर देणारी आणि चालताना पिठाच्या गिरणीसारखी बोलणारी. दुसरी पेट्रोलची. ती कंपनीच्या छापील पत्रकाप्रमाणे लिटरला अकरा देणार होती, आणि चालायला कशी होती हे सांगायला सरांना शब्द सापडला नाही. ट्रायल घेताना त्यांच्या तोंडून चक्क शीळ निघाली. वर्गात शीळ घालणाऱ्यांना सव्वीस वर्षं बाकावर उभं करत आल्यामुळे ते स्वतःच दचकले.

तरीही भावनेच्या भरात निर्णय घ्यायचा नाही, असं सरांनी ठरवलं आणि रीतसर परीक्षा घेतली. अ‍ॅव्हरेजला ऐंशी गुण लेखी, चालवण्याच्या आनंदाला वीस गुण तोंडी. आनंद मोजायचा तो दर किलोमीटरला किती वेळा शीळ निघाली यावर. कुटुंबाची मतंही नोंदवून घेण्यात आली. बर्थाबाई म्हणाल्या, "मला साडी सांभाळून चढता आलं पाहिजे. बाकी काय ते तुम्ही बघा." त्यांचा भाऊ पॉल, ज्याची सांडोरला केळीची बाग होती, तो म्हणाला, "भावजी, अ‍ॅव्हरेज कोन बघतो? गाडी खेचली पायजे." मुलगी ज्युली म्हणाली, "डॅडी, तुम्हाला आवडते ती घ्या ना. त्यात काय एवढं?" (हे उत्तर कोणत्याच रकान्यात बसेना, म्हणून बाद धरण्यात आलं.)

निकाल असा लागला. डिझेल: लेखी पंचाहत्तर, तोंडी शून्य. पेट्रोल: लेखी एकोणपन्नास, तोंडी वीसपैकी वीस. म्हणजे पेट्रोल सहा गुणांनी मागे. सरांनी चष्मा पुसला आणि पेट्रोलच्या गाडीला सात कृपागुण दिले. आपल्या अख्ख्या नोकरीत त्यांनी कोणत्याही मुलाला दोनच्या वर कृपागुण दिले नव्हते.

गाडी दारात आली. फादरांनी पवित्र पाणी शिंपडून तिला आशीर्वाद दिला. पुढचे तीन आठवडे पापडीच्या लोकांनी फ्रान्सिस सरांना शीळ घालत जाताना पाहिलं आणि ऐकलं. सर त्या तीन आठवड्यांत फार सुखी होते. चौथ्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी विचारलं, "सर, अ‍ॅव्हरेज काय देते?" सरांनी टाकी फुल केली, गाडी चालवली, पुन्हा टाकी फुल केली आणि भागाकार केला. साडेआठ.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, कंपनी थापा मारते. पण सर गणिताचे शिक्षक. पुस्तकाच्या मागे छापलेलं उत्तर चुकत नाही. ते जुळलं नाही तर चूक मुलाची असते, यावर त्यांची हयात गेलेली. छापील उत्तर अकरा होतं. तेव्हा चूक चालवणाऱ्याची होती, आणि चूक सापडेपर्यंत उदाहरण पुन्हा पुन्हा सोडवणं आलं.

फ्रिजवर एक परिपत्रक लागलं. एसी लावू नये. काचाही उघडू नयेत, हवेचा विरोध वाढतो (दोन्ही नियम एकाच वेळी पाळावेत). वेग ताशी पंचेचाळीस. रेल्वेच्या पुलावरून उतरताना गाडी न्यूट्रल करावी. स्टेपनी घरी ठेवावी. हॉर्न शक्यतो तोंडाने सूचना देऊन टाळावा. एवढं करून आकडा साडेनऊपर्यंत आला आणि तिथे अडला. मग सरांनी वजनाचा अभ्यास हाती घेतला. बर्थाबाई बसल्या की ०.३ जात होते, ज्युली बसली की ०.२, पॉल आणि त्याचा केळीचा घड मिळून ०.६. कुटुंबाच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज सर्वांत जास्त कोण खातं, तर कुटुंब, हे आकड्यांनिशी सिद्ध झालं.

तेव्हापासून कुटुंब रिक्षाने जाऊ लागलं. पॉलच्या घरी सणाला जाताना पुढे रिकामी गाडी घेऊन सर आणि मागे रिक्षात बर्थाबाई, ज्युली आणि भरलेलं पातेलं, अशी व्यवस्था होती. रिक्षा पहिल्या वळणावरच पुढे निघून जाई. रविवारी सकाळी सर सातिवलीच्या गोदामांकडच्या मोकळ्या रस्त्यावर एकटेच फेऱ्या मारत, डोळे काट्यावर ठेवून. आकडा साडेदहावर गेला. शीळ कधी थांबली ते त्यांच्या लक्षात आलं नाही. बर्थाबाईंच्या आलं. त्या म्हणाल्या, "अहो, हल्ली गाडीतून उतरता ते पेपर तपासून उठल्यासारखे दिसता."

मे महिन्यात ज्युलीचं स्टीवनशी लग्न ठरलं. तिने बापाकडे एकच गोष्ट मागितली.

"डॅडी, चर्चला मला आपल्या गाडीतून न्यायचं. आणि तुम्हीच चालवायची."

सर ताबडतोब हो म्हणाले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी काही न मोजता होकार दिला होता.

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. घर ते चर्च दोन किलोमीटर. पुढे बॅण्ड, बॅण्डमागे नाचणाऱ्या मावश्या, त्यांच्यामागे पहिल्या गिअरमध्ये तासभर रखडणारी गाडी. म्हणजे किमान एक लिटर पाण्यात. आणि त्या महिन्याचा हिशोब तर असा होता, की दोनशे चाळीस किलोमीटर झालेले आणि पेट्रोल बावीस लिटर. मिरवणुकीत आकडा पुन्हा साडेदहावर कोसळणार होता. उलट, हेच दोन किलोमीटर जर फुकट मिळाले तर! सरांनी कागदावर मांडून पाहिलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

लग्नाच्या दुपारी चार वाजता बॅण्ड सुरू झाला. गाडी फुलांनी सजली होती, इंजिन बंद होतं आणि मागून चार भाचे ढकलत होते. बर्थाबाई पायी चालत होत्या (०.३). पहिला अर्धा किलोमीटर झकास गेला. बंद गाडीचं स्टिअरिंग दगडासारखं जड लागत होतं. सरांच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या. ते पाहून रस्त्याकडेच्या बायका म्हणाल्या, "लेक जायची, तर बापाचं कसं पाणी पाणी झालंय बघ."

"डॅडी, एसी लावा ना," मागच्या सीटवरून ज्युली म्हणाली. तिच्या गालांवरची पावडर ओघळू लागली होती.

"जरा दम धर, बाळा."

किलोमीटर संपता संपता भाच्यांना धाप लागली. बॅण्ड वळणापलीकडे गेला आणि हळूहळू ऐकू येईनासा झाला.

"डॅडी, आता गाडी चालू करा. फादर थांबलेत."

सरांनी किल्लीकडे पाहिलं. नुसती फिरवायची होती.

"एक किलोमीटर दोनशे मीटर झाले, ज्युली," ते म्हणाले. "आता फक्त आठशे राहिलेत."

ज्युलीने दार उघडलं, पांढरा झगा दोन्ही हातांनी गोळा केला आणि ती झपाझप बॅण्डच्या दिशेने चालू लागली. झगा धुळीत लोळू नये म्हणून दोन भाचे तिच्यामागे धावले. उरलेल्या दोघांनी गाडी ढकलणं चालू ठेवलं.

चर्चमध्ये साडेपाचला दुसरं लग्न होतं, त्यामुळे फादरांनी दहा मिनिटं वाट पाहिली आणि लग्नाचा मिस्सा-विधी सुरू केला. ज्युलीचा हात धरून तिला वेदीपर्यंत नेलं ते पॉलने. फ्रान्सिस सर चर्चच्या फाटकात पोचले तेव्हा आतून 'आमेन' ऐकू आलं. त्यांनी आधी मीटर पाहिला, दोन किलोमीटर बरोबर पूर्ण. मग त्यांनी चर्चच्या दाराकडे पाहिलं.

संध्याकाळी रिसेप्शनला सर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. ज्युली केकची बशी घेऊन त्यांच्याजवळ आली. आवाजात राग नव्हता.

"डॅडी, झालं का अकरा?"

आयुष्यात सरांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. ते बशी हातात धरून रडले. ज्युली क्षणभर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि मग पाहुण्यांकडे गेली.

या प्रकरणात वाचकांची सहानुभूती ज्युलीच्या बाजूने आहे, असं आम्ही धरून चालतो. मात्र दोनशे बेचाळीस भागिले बावीस हा भागाकार ज्यांनी वाचता वाचता मनातल्या मनात करून पाहिला, आणि तो बाकी न राहता सुटतो म्हटल्यावर ज्यांना जरा बरं वाटलं, ते वाचक त्या वेळी सरांच्या शेजारच्या सीटवर बसलेले होते. मागचं दार उघडून पोरगी उतरली, ती त्यांच्याही देखत.