केनवडचे उकर्डाजी कलगीवाले

हिवाळ्यात केनवडच्या घराघरांत चूल पेटली की तव्यावर भाकर पडे. उकर्डाजींच्या घरी मात्र चुलीवर आधी डफ धरला जाई. थंडीनं डफाचं कातडं ढिलं पडतं, ते शेकून घ्यावं लागतं हे खरं. पण त्यासाठी सकाळचीच वेळ कशाला, असं त्यांना कोणी विचारलं तर ते म्हणत, "मानूस उपाशी चालते बाप्पा, गारठलेला डफ चालत नाही."

त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी, पीठ मळून काटवटीपाशी बसलेल्या. उकर्डाजी डफ जाळावर फिरवताहेत, बोटानं टिचकी मारताहेत, कान लावताहेत, पुन्हा फिरवताहेत. एकदा वहिनींचा धीर सुटला. "आता याच्यावरच थापू काय भाकर?"

"नको," उकर्डाजी अगदी गंभीरपणे म्हणाले. "ओला होईन."

उकर्डा हे नाव काही कोणी हौसेनं ठेवत नाही. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर आजीनं त्यांना उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि टाकलेलं पोर सापडलं म्हणून पुन्हा उचलून आणलं. म्हणजे यमाची नजर चुकते. "यमाची चुकली, पन सरस्वतीची नाही चुकली," असं ते छाती पुढे काढून सांगत. इंग्रजाच्या अमदानीतल्या त्या काळात आमच्या भागात कलगी-तुऱ्याचं भलतंच वेड होतं. कलगीवाले गाणार की शक्ती मोठी, तुरेवाले गाणार की शिव मोठा. दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांना पुराणातले सवाल घालणार, आणि ज्याला उत्तर येणार नाही त्यानं आपल्या डफाचं शिरभूषण उतरवून समोरच्याला द्यायचं. उकर्डाजी कलगीवाले. पोटासाठी शेती, बाकी सगळ्यासाठी डफ.

त्यांच्या वावराला लागूनच माझं वावर. मधे बांधाचा एक धुरा. त्या धुऱ्यानं मला त्यांच्या साथीला तुणतुण्याला लावलं. "एकच तार आहे," उकर्डाजी म्हणाले होते, "तुले चुकाले जागाच नाही." तरी मी चुकत असे. मग ते गाणं न थांबवता माझ्याकडे बघून म्हणत, "ठेका चुकला!" हे त्यांचं लाडकं वाक्य. बंडीचं चाक निखळलं, ठेका चुकला. म्हशीनं दूध चोरलं, ठेका चुकला. पाटलाच्या पोराचं लग्न मोडलं तेव्हाही मांडवात उभं राहून ते हेच बोलले आणि मार खाता खाता वाचले.

त्यांना कवन सुचे ते तिफण हाकताना. लोकांच्या कपाशीच्या ओळी सुतात असत. यांच्या ओळी मधेच वाकत, थांबत, पुन्हा सरळ होत. उगवून आलं की साऱ्या गावाला दिसे. एकदा मी धुऱ्यावरून विचारलं, "उकर्डाजी, हे एवढं वाकडं काहून गेलं?"

"तिथं सीताहरन होतं," ते म्हणाले. "यमक सापडलं नाही."

"अन् हे पुढचं सरळ?"

"तिथं मारुती आला ना!"

ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकायला माळ्यावर बसायचं. बाकीचे गोफण घेऊन बसत, हे डफ घेऊन. डफाच्या आवाजानं पाखरं उडत, यात शंका नाही. पण पाखरं उडाली आणि माणसं आली. वाटेनं जाणारा थांबे, बाजाराला निघालेला वळे, आणि बघता बघता माळ्याखाली शंभर माणूस ज्वारीत मांडी घालून बसे. वहिनी शिदोरी घेऊन आल्या तेव्हा माळ्याभोवतीचं पीक आडवं झालेलं. त्यांनी शिदोरी धुऱ्यावर ठेवली, खालचं ढेकूळ उचललं आणि आधी श्रोत्यांना पांगवलं, मग शाहिराला.

त्या दिवशी दोघांचा करार झाला. "हंगाम माहा, जत्रा तुमची," वहिनी म्हणाल्या. "पेरनीपासून वेचनीपर्यंत वावरात डफ दिसला तं चुलीत घालीन. शेकाले नाही, जाळाले." उकर्डाजींनी मान डोलावली आणि खरंच पाळलं. निंदण, वखरण, वेचणी, सगळं मान खाली घालून करत. फक्त ओठ हलत. दोघं एकाच ओळीत काम करताना मी कैक वेळा पाहिलं आहे, पण तासन् तास बोलणं म्हणाल तर "ऐकलं काय, पानी दे," एवढंच. नाव घेऊन हाक मारणं तर आमच्याकडे नवरा-बायकोत नव्हतंच. ते "ऐकलं काय" म्हणत, गाव "पांडूची माय" म्हणे. आमची ही वहिनींच्याच माहेरची, म्हणून मला तरी त्यांचं नाव ठाऊक होतं.

एका साली मेडशीला जत्रेत सामना ठरला. समोर आसेगावचा दगडू शाहीर, तुरेवाला. खळ्यावर ज्वारीची रास पडलेली, उफणणी राहिलेली. निघताना वहिनी माझ्याजवळ म्हणाल्या, "भाऊजी, इतके वर्स झाले, मी जेवली का मेली हे कधी इचारलं नाही या मानसानं. सारी माया त्या कातड्यावर." आणि मग नवऱ्याकडे न बघता मोठ्यानं, "जायाचं तं जा. पन जिंकून या. रास मी पाहातो."

मेडशीत दुपारी लिंबाच्या झाडाखाली फड उभा राहिला. गावचा एक टवाळ ओरडला, "एकीकडे उकर्डा, दुसरीकडे दगड, वावर पुरं झालं!" लोक हसले. पण उकर्डाजींनी समुद्रमंथनाचं कवन उचललं आणि हसणं बंद पडलं. मंदार पर्वत काय फिरवला, वासुकीचा फूत्कार काय काढला! एकेक रत्न बाहेर येई तशी माणसं पुढे सरकत. शेवटी नेहमीप्रमाणे शाहिराच्या नावाची ओळ आली:

"उकर्डा म्हणे गिरजे, तू जेवली का नाही?"

लोकांनी टोप्या उडवल्या. गिरजा म्हणजे पार्वती, साक्षात शक्ती. कलगीवाल्यानं शेवटी तिला हाक मारावी हे रीतीलाच धरून होतं.

दगडू उठला. हाडकुळा, म्हातारा, डोळे मिचमिचे. त्यानं डफाला हात लावला नाही. नुसताच म्हणाला, "मंडळी, मी या गड्याले लय वर्सांपासून ऐकून राह्यलो. समुद्र घुसळला, चवदा रत्नं निघाली, अन् शेवटी हा देवीले इचारते, जेवली का? किस्नाच्या कवनात म्हनते, गिरजे, सावलीत बस, ऊन लय झालं. रावनाच्या लढाईत म्हनते, गिरजे, पायातला काटा काढ, मंग चाल. आता माहा सवाल असा. कैलासावर बरफच बरफ. तिथं गिरजेले ऊन कोनतं लागते? काटा कोनता रुतते? अन् जे सोता अन्नपूर्णा, तिले जेवली का म्हनून इचाराची पाळी कायले आली?"

फड खदखदून हसला. मी उकर्डाजींकडे पाहिलं. रावणाच्या दहा तोंडांना पुरून उरणारा हा माणूस नुसता पागोटं सारखं करत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तेव्हा माझं बोट तारेवर थांबलं. वहिनींचं नाव गिरजा.

इतकी वर्षं मी त्या ओळीखाली तुणतुणं वाजवलं होतं आणि मला ती देवीच वाटत होती. काटा, ऊन, जेवण! हे सगळं आमच्या धुऱ्यापलीकडचं होतं. उत्तर एका शब्दाचं होतं. पण भर जत्रेत चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं? त्यापेक्षा माणसानं विहीर जवळ केली असती.

"सवाल मोठा आहे दादा," उकर्डाजी म्हणाले. "मले नाही येत." आणि त्यांनी डफावरची कलगी सोडून दगडूच्या हातात दिली.

परतीच्या वाटेवर मी एकदाच म्हणालो, "उकर्डाजी, गिरजा म्हंजे..." त्यांनी बैलाला उगाच टोचलं. "बैलाकडे पाह्य," ते म्हणाले. बंडी तेच हाकत होते.

मला वाटलं होतं वहिनी खूश होतील. कुठलं! ज्वारी उफणता उफणता त्यांनी सूप खाली आपटलं. "हारले? त्या दगड्यापुढं? कोनता सवाल होता, भाऊजी?"

उकर्डाजी बैलाच्या आडून मला हात जोडत होते. मी म्हणालो, "पुरानातला होता वहिनी. लय अवघड."

"पुढच्या खेपेले मीच येतो," वहिनी म्हणाल्या. "पाहातो कोन हरवते तं."

त्या आजवर एकदाही फडाला आल्या नव्हत्या. त्यांचं हे बोलणं ऐकून उकर्डाजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दगडूपुढेही पाहिलं नव्हतं. पुढल्या साली त्यांनी काय काय केलं! बैल लंगडतो, बंडीत जागा नाही, मेडशीत देवीची साथ आहे, दगडू म्हणे मेला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, नवं लुगडं नेसल्या आणि आमच्या हिला सोबत घेऊन बंडीत बसल्या. वाटेत उकर्डाजी माझ्या कानाशी लागून ओळ बदलायच्या मागे लागले. "उकर्डा म्हणे सज्जनहो, तू जेवली का नाही?" करून पाहिलं. मग स्वतःच मान हलवली. "ठेका चुकते रे."

दगडू मेला नव्हता. फड तोच, झाड तेच, लोकांनी हट्टानं समुद्रमंथनच मागितलं. त्या दिवशी रत्नं बाहेर यायला फार वेळ लागला. चौदावं निघालं आणि उकर्डाजी थांबले. समोर बायकांच्या घोळक्यात वहिनी ताठ बसलेल्या. उकर्डाजींनी डफ छातीशी धरला आणि, न हात नाचवता, न आवाज चढवता, घरात बोलावं तशी ओळ म्हटली:

"उकर्डा म्हणे गिरजे, तू जेवली का नाही?"

दगडूनं आपले मिचमिचे डोळे बायकांकडे वळवले, मग उकर्डाजींच्या लाल झालेल्या कानांकडे. जरा वेळ खाकरला. "सवाल असा," तो म्हणाला, "रावनाले डोके किती?"

सारी जत्रा लोळली. "दहा," उकर्डाजी कसेबसे म्हणाले, आणि म्हाताऱ्यानं त्यांची कलगी त्यांच्या डफावर स्वतः बांधली.

बायकांच्या घोळक्यात काय झालं ते आमच्या हिनं सांगितलं. मेडशीची कुणी बाई वहिनींच्या शेजारी बसली होती. ती हसत हसत म्हणाली, "काय वो बाई येडा शाहीर! देवीले जेवली का म्हनून इचारते!"

वहिनींनी पदर कपाळावरून खाली ओढला.

"इचारू दे ना वो माय," त्या म्हणाल्या. "देवीले तरी दुसरं कोन इचारते?"