सरदार सुभानरावांची नाव उलटली त्याची खरी हकीकत

समुद्रास वंदन करून, जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहितो. वाढवीत नाही, लपवीतही नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, ते दिवशी आमच्या राज्यातून चार नावा समोरच्या बेटावर एका रात्रीच्या मुक्कामास निघाल्या. नावा कयाक जातीच्या, लांब व निमुळत्या; एकेक माणूस कमरेपर्यंत आत बसे आणि दोन पात्यांचे वल्हे मारी, पुढे-मागे सामानाचे बंद कप्पे. मोहिमेचे मुख्य सरदार सुभानराव, दुसऱ्या नावेत त्यांचे कुटुंब गिरिजाबाई, तिसऱ्या नावेत जानकीबाई तांडेल आणि चौथ्या नावेत हा लिहिणार, जानकीबाईंच्या हाताखालचा. दरबारच्या नावांचा कारभार वीस वर्षे जानकीबाईंकडे होता, आणि त्या वीस वर्षांत एकही नाव उलटली नव्हती.

जानकीबाईंनी दोन दिवस खपून सामान बांधिले. अंथरुणे हलकी म्हणोन टोकांस घातली, आणि पाण्याच्या पिशव्या जड म्हणोन बसण्याच्या जागेमागे तळाशी घातल्या, आणि तांदूळ-डाळ दोहों बाजूंस सारखी वाटून घातली, आणि भिजू नये ते सर्व रबरी पिशवीत घालोन तोंड तीनदा दुमडिले. बेटावर विहीर नाही, झरा नाही, म्हणोन माणशी पाच लिटर पाणी प्रत्येकाच्या नावेत ठेविले. मग त्या भरतीची वेळ पाहण्यास खडकापाशी गेल्या. परत येऊन पाहतात तो सरदारांच्या नावेतले पाणी वाळूत पडलेले, त्या जागी घडीची खुर्ची मावेना म्हणोन ती मागे टपावर दोरीने उभी बांधिलेली, आणि नाकाच्या कप्प्यात बिडाचा तवा व दोन शेगड्या कोंबिलेल्या. हे पाहून लिहिणाराचे मस्तक तापले, जानकीबाई मात्र शांतपणे बोलिल्या, "सरदार, पाणी का काढिले?"

सरदार बोलिले, "एका रात्रीला इतके पाणी कशास? आणि आम्ही दगडावर बसोन जेवावे की काय?"

"खुर्ची उंच आहे, वारा धरील. तव्याने नाक बुडेल. नाव फिरणार नाही."

"बाई, आम्ही पाच मोहिमा केल्या आहेत."

"कोणत्या पाण्यात?"

सरदार बोलिले, "तलावात. पाणी ते पाणी. तुम्ही दोऱ्या आवळा, मसलत आम्ही पाहू."

वीस वर्षे समुद्र पाहिलेल्या बाईस तलावाच्या पाच फेऱ्यांचा माणूस ऐसे बोलितो, आणि आम्ही उभे राहून ऐकितो, याची लाज आजही वाटते. जानकीबाईंनी वाद केला नाही. त्यांनी आपल्या नावेतले अंथरूण काढून किनाऱ्यावर ठेविले आणि डाळ-तांदूळ त्या जागी सारून सरदारांचे पाणी तळाशी घातले. लिहिणाराने विचारिले, "आणि तुम्ही निजाल कशावर?" त्या बोलिल्या, "वाळू आहे की. तहानेस वाळू चालत नाही."

मग नावा निघाल्या. खडकाचे वळण येताच आडवा वारा सुटला, खुर्चीस लागला, सरदारांनी वल्हे मारिले तरी नाक वळेना, आणि नाव उलटली. पाणी छातीइतकेच होते, परंतु सरदारांचा पाय आत अडकला आणि डोके वर येईना. जानकीबाईंनी आपली नाव टाकिली, पोहत जाऊन पाय सोडविला व त्यांस वर काढिले. मग तवा, शेगड्या, खुर्ची सर्व किनाऱ्यावर टाकिली आणि नाव पुन्हा बांधिली. बेटावर सरदार तेच पाणी प्यायले, तीन वेळा मागून घेतले.

परतल्यावर दरबारात सरदारांनी लिहविलेला कागद वाचिला गेला. त्यात लिहिले होते जे, तांडेल बाईंनी सामान नीट न बांधिल्यामुळे नाव उलटली, सबब नावांचा कारभार त्यांजकडोन काढावा. कारकुनाने कागद जानकीबाईंपुढे सहीस ठेविला. त्यांनी दोनदा वाचिला आणि बोलिल्या, "मी बांधिले होते ते वाळूत पडले होते. उलटले ते मी बांधिलेले नाही. सही करीत नाही."

"साक्ष कोण?" सरदारांनी विचारिले. लिहिणार उठला, तो सरदार हसोन बोलिले, "हे त्यांचेच माणूस." निरोपास किनाऱ्यावर आलेल्यांस सर्व ठाऊक होते, तेही जमिनीकडे पाहू लागले.

तेव्हा गिरिजाबाई मागल्या रांगेतून पुढे आल्या. बोलिल्या, "पिशव्या मी उचलिल्या. यांनी सांगितले, मी उचलिल्या. तवाही मीच आत सारिला. तेव्हाच कळत होते, हे बरे नव्हे, पण बोलिले नाही. बाईंनी यांचा जीव वाचविला, आणि त्यांच्यावरच हे लिहिता?"

सरदार बोलिले, "घरी बोलू."

"घरी वीस वर्षे बोलिले," त्या बोलिल्या, "आज इथेच बोलते."

मग दरबाराने मान डोलाविली, तशी कारकुनाने ती ओळ खोडिली. कारभार जानकीबाईंकडे राहिला. दुसरे दिवशी त्या नावा धुण्यास गेल्या, आणि गिरिजाबाईही पदर खोचून त्यांजबरोबर गेल्या.

एवंच, नाव सरदारांनी स्वतः बिघडविली, पाणी जानकीबाईंनी स्वतःचे अंथरूण टाकून नेले, आणि खरे गिरिजाबाईंनी सांगितले. सरदारांनी आजवर क्षमा मागितली नाही, हेही येथे लिहून ठेविले असे.