आप्पासाहेबांना नगर दाखवलं

"मी न्हाई जायचो त्या म्हाताऱ्यासंगं! निकीला बघाया आल्ते तवा तासभर नुसतं पोह्यावर बोलले. आता मी त्येंला नगर फिरवू?"

"आवाज खाली कर, गहिन्या!" कलाबाई पदर खोचत म्हणाली. "नवऱ्या पोराचा मामा हाय त्यो. नेवाशावरनं निरोप धाडलाय, नगरात भेटा, बोलायचंय म्हनून. होकारच आसनार. तुझ्या बापाचा पाय पलस्तरात, मी कुनाला धाडू? चांगलं फिरव, पोटभर खाऊ घाल. आन पाहुन्यानं खाल्ल्याबिगर तू तोंडात काय घालू नको!"

आतल्या दारामागे निकिता उभी होती. बघायला आलेला प्रशांत तिला मनापासून आवडला होता. आठ दिवस ती फोन उशाशी घेऊन झोपत होती. नववीत शाळा सोडल्यापासून गहिनीनाथ कुणाच्या बापाचं ऐकत नसे, पण बहिणीचं तोंड बघितलं आणि त्यानं मुकाट्यानं चपला घातल्या.

नगरच्या स्टँडवर आप्पासाहेब कडक टोपी घालून, दहाव्याला आल्यासारखं तोंड करून उभे होते.

"मामा, आदी मिसळ हानू. लई झनझनीत भेटती हितं."

"नको रं बाबा. मला जरा बोलायचं हुतं..."

"बोलू की निवांत! किल्ला तर बघू."

भुईकोट किल्ल्याच्या खंदकात आप्पासाहेबांनी बराच वेळ वाकून बघितलं. "खोल हाय," एवढंच म्हणाले. रिक्षावाल्याला मात्र गहिनीच्या आधी त्यांनीच पैसे काढून दिले. केवढा दिलदार माणूस, गहिनीला वाटलं. निकीचं नशीब उघडलं!

कापडबाजारात भेळ झाली, लस्सी झाली, पेढे झाले. म्हणजे विचारून झालं. प्रत्येक वेळी आप्पासाहेब हात जोडत, "नको." मोठी माणसं लाजतात, हे गहिनीला ठाऊक होतं. म्हणून तो नेटानं पुढचं दुकान गाठायचा. पाहुण्यानं खाल्ल्याशिवाय त्यालाही खाता येईना. पोटात आग पडली, तसा तो भेळवाल्यावरच खेकसला, "कांदा एवढा बारीक चिरतेत व्हय?" भेळवाला म्हणाला, "आरं, तू घेतलीस कुठं?"

रणगाड्यांच्या संग्रहालयात आप्पासाहेब एका रणगाड्यापुढून हलेनात. आत शिरून झाकण लावून घ्यावं, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"गहिनीनाथा, मला बोलायचं..."

"चांदबीबी महाल ऱ्हायलाय मामा! वरनं सगळं नगर दिसतंय."

महालाच्या दुसऱ्या मजल्यावर आप्पासाहेबांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. टोपी एकीकडे, ते एकीकडे. तिथं एका शाळेची सहल डबे सोडून बसली होती. वृषालीबाई नावाच्या मास्तरीणबाईंनी काही न विचारता त्यांच्या हातावर चपाती आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. आप्पासाहेबांनी चार चपात्या खाल्ल्या. मग पाचवी.

गहिनीचं टाळकं तापलं. "म्हंजी भूक हुती तुमाला! सकाळपस्नं मी काय इख चारत हुतो व्हय? पोरीवाल्यांचं चालत न्हाई, आन वाटेवरच्या बाईचं चालतंय?"

आप्पासाहेबांनी टोपी झटकली, पण डोक्यावर घातली नाही. "तसं न्हाई रं पोरा. ज्या घरी नकार घिऊन जायचं, त्या घरचं अन्न खाऊ ने. आमच्यात तशी रीत हाय."

गहिनीच्या हातात बाईंनी दिलेली चपाती तशीच राहिली.

"प्रशांतनं दुसरीकडं जमवलंय," आप्पासाहेब खाली बघत म्हणाले. "घरात कुनाची सांगायची छाती हुईना, म्हनून मला धाडलं. स्टँडवरच सांगून परत फिरनार हुतो. तू किल्ला काढलास. मग बाजार काढलास. एवढ्या हौसेनं दाखवीत हुतास, माझी जीबच उचलंना."

दोघे डोंगर उतरून पाथर्डी रोडला आले. टपरीपाशी आप्पासाहेब म्हणाले, "च्या तरी घी माज्याकडनं."

"नको," गहिनी म्हणाला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. निकिता.

"दादा, जेवले का रं ते? काय काय खाल्लं?"

"चपाती खाल्ली. पाच."

"आरं वा! म्हंजी खूश हायती! आन बोलले का काय?"

गावाकडं जाणारी तिसगावची काळीपिवळी जीप समोर येऊन थांबली. ड्रायव्हर दार बडवत ओरडत होता. आप्पासाहेब दुसरीकडे बघत होते.

"निके, गाडी लागली बघ. मला निगाया पायजे आता."